कमजोर जिल्ह्याचा नंबर

हातात चेंडू धरून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हा अमेरिकन प्रकार मला अजूनही पुरता कळत नाही. पण त्या डिसेंबरात मी त्याचे नियम घोकत होते. दुबईत, देरा भागातल्या ऑफिसात समोर शिपमेंटचे कागद आणि मोबाइलवर कधी नाव न ऐकलेल्या कॉलेजांचे निकाल. लेक घरी येणार की नाही, ते त्या निकालांवर ठरणार होतं.

लेक अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. इथे दुबईत ऊद मेथाच्या शाळेत असल्यापासून ड्रम बडवायची, तिथे गेल्या गेल्या कॉलेजच्या बँडमध्ये शिरली. त्या वर्षी तिच्या कॉलेजचा संघ भलताच जिंकत सुटला होता. देशभरातले बारा संघ निवडून त्यांच्यात शेवटचे सामने होतात आणि ते बारा ठरवते एक समिती. निवड झाली, तर बँड सरावासाठी कॉलेजातच थांबणार. नाही झाली, तर परीक्षा संपताच ती दुबईला येणार आणि अण्णांच्या परतीच्या विमानाआधी आजोबा-नातीला चार दिवस मिळणार.

अण्णा म्हणजे माझे वडील. पुण्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा मुलीचं घर बघून येतो, म्हणून डॉक्टरांची परवानगी काढून व्हिजिट व्हिसावर आले होते. ऑपरेशन त्या शेवटच्या सामन्यांच्या आधीच होतं आणि तारीख पुढे ढकलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नातीला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असं अण्णांनी मला बजावलं होतं.

"तिची परीक्षा आहे. उगाच तिचा जीव टांगणीला नको."

माझा जीव टांगणीला लागला होता, त्याचं कोणाला काही नव्हतं.

बाकी अण्णा मजेत दिसायचे. खाली वॉचमनशी मोडक्या हिंदीत गप्पा मारून 'इन्शाल्ला' शिकले होते, म्हणजे देवाची इच्छा असेल तर. चहा घेणार का विचारलं तरी इन्शाल्ला, आंघोळीला उठा म्हटलं तरी इन्शाल्ला. व्हिडिओ कॉलवर ते ऐकून नात खो खो हसायची, म्हणून जास्तच म्हणायचे.

एका संध्याकाळी नवऱ्याने आम्हाला समजावून सांगितलं. "तिथे कॉलेजांचे गट असतात, कॉन्फरन्स म्हणतात. हिच्या कॉलेजची कॉन्फरन्स वीक आहे. हे एकच मॅच हरलेत, मान्य. पण हरवलं कोणाला? बघा तुम्ही, मोठ्या कॉन्फरन्समधले तीन-तीन मॅच हरलेले पुढे जातील. खलास."

मला इतकं बरं वाटलं, की मी उठून सगळ्यांसाठी शिराच करायला घेतला. पण अण्णा ताठ बसले होते. ते तालुक्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांची कबड्डीची पोरं जिल्ह्यात पहिली यायची आणि राज्याच्या संघात एकाचाही नंबर लागायचा नाही. जिल्हा कमजोर, तिथे पहिलं येण्यात काय मोठं, असं निवड करणारे म्हणायचे. दरवर्षी अण्णा एसटीने जाऊन भांडून यायचे आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलायचे नाहीत.

"अहो, हरवलं कोणाला म्हणजे?" ते जावयावरच उखडले. "समोर ज्याला उभा केला त्यालाच हरवणार ना पोरं? हा सरळ अन्याय आहे!"

मी रवा परतत राहिले. तो अन्याय व्हावा, म्हणून मी रोज सकाळी देवापुढे हात जोडत होते. ज्यांच्यासाठी जोडत होते, तेच न्यायासाठी भांडत होते. मला त्यांचा रागच आला.

निवड जाहीर होणार होती त्या रविवारी आम्ही लवकर जेवून टीव्हीसमोर बसलो. एकेक नाव येत होतं. मोठी कॉलेजं एकामागून एक आत जात होती आणि प्रत्येक नावाला मला हायसं वाटत होतं. बाजूला पाहिलं, तर अण्णांचा हात छातीवर.

"अण्णा, दुखतंय का?"

"गप गं. ऐकू दे."

आणि लेकीच्या कॉलेजचं नाव आलं. अण्णा उठून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. "लागला! कमजोर जिल्ह्याचा नंबर लागला!"

"आधी खाली बसा तुम्ही!" मी ओरडले.

पाचच मिनिटांत लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मागे ड्रमचा नुसता दणदणाट. "वी आर इन, आई! वी आर इन! आर यू हॅपी?"

मोबाइलच्या मागून अण्णा माझ्याकडे बघत मान हलवत होते. सांगू नकोस.

"हो गं," मी म्हटलं. "खूप."

"बट आय वोंट सी अण्णा. आय फील सो बॅड."

अण्णांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. "वाईट कसलं वाटायचं त्यात? ड्रम असा वाजव, की त्या समितीच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत. आणि सामना झाला की थेट पुण्याला ये."

"प्रॉमिस! यू विल बी देअर, ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

ती नेहमीसारखी खो खो हसली.