दवाखान्यातलं गाऱ्हाणं

मुलुंडात आजवर जेवढी मुलं कॉलेजात असताना आजारी पडली असतील, त्यांतली निदान अर्धी आमच्या या मैत्रिणीनं स्वतः हाताला धरून दवाखान्यात पोचवली असावीत, असं माझं ठाम मत आहे. उरलेली अर्धी तिच्या तावडीतून सुटली कशी, याचं मला आजही नवल वाटतं. ती स्वतः कधी आजारी पडायची नाही. तिला दगड पचायचे, भर उन्हात ती टोपीशिवाय हिंडायची आणि तिचा आवाज असा खणखणीत होता की ती शेवटच्या बाकावरून कुजबुजली तरी जिन्यावरच्या शिपायाला सगळं कळायचं. पण दुसऱ्या कुणी नुसतं कपाळाला हात लावला तरी हिच्या अंगात वारं शिरायचं.

आमच्या कॉलेजचा दवाखाना म्हणजे जिमखान्यामागची एक खोली. बाहेर लांबलचक बाक, आत हिरवा पडदा, वजनकाटा, एक सिस्टर आणि दुपारपर्यंत बसणाऱ्या डॉक्टर मॅडम. असा दवाखाना आहे याचा बऱ्याच मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत पत्ता नसायचा. मला मात्र पहिल्याच आठवड्यात लागला, कारण मी या बाईच्या शेजारी बसून शिंकले. ती ताडकन उभी राहिली. “सर, हिला दवाखान्यात न्यायचीय!” मी म्हटलं, “अगं, खडूच्या धुळीनं शिंकले.” तर म्हणे, “धूळ काय साधी वाटली तुला? चल गो.” वाटेत तिनं वॉचमनला सांगितलं, कँटीनवाल्याला सांगितलं, झेरॉक्सच्या खिडकीशी थांबून तिथल्या रांगेलाही सांगितलं. आम्ही दवाखान्याशी पोचेपर्यंत माझ्या शिंकेची बातमी इतकी फुगली होती की दोन अनोळखी मुली धावत आल्या आणि माझ्या घरी कळवलंय का ते विचारायला लागल्या. मॅडमनी मला तपासलं, धडधाकट ठरवलं आणि हिच्याकडे बघून विचारलं, “हिचं ठीक आहे. तुला काय होतंय?”

पण तिचा खरा पराक्रम पुढेच होता. तिचं घराणं मालवणाकडचं. आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडला आले आणि येताना बाकी काही नाही तरी गाऱ्हाणं तेवढं बरोबर घेऊन आले. कोकणात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी एक जण मोठ्यानं देवाला आपली अडचण सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणून साथ देतात. आजोबांनंतर त्यांच्या सोसायटीच्या गणपतीपुढे हिचे वडील गाऱ्हाणं घालायचे आणि हिनं ते लहानपणापासून ऐकून तोंडपाठ केलेलं होतं. तिचं म्हणणं एकदम सरळ होतं. “डॉक्टरला सांगता ना, काय दुखतंय ते? मग देवाला नको सांगायला? त्याला काय स्वप्न पडणारे?” त्यामुळे त्या बाकावर कुणालाही इंजेक्शन घ्यायचं असलं की ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहायची आणि सुरू करायची.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या घाटकोपरच्या लेकरान तुझ्या दारात हात पुढे केल्यान हा…”

“व्हय म्हाराजा!”

“सुयेक भिता, पण मनान चांगला आसा…”

“व्हय म्हाराजा!”

“जी काय इडापिडा असात ती वाटेच्या वाटेन भायर काढ आणि हेका परीक्षेक उभा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ते घाटकोपरचं लेकरू म्हणजे कॉमर्सचा एक उंच गुजराती मुलगा. त्याला गाऱ्हाणं हा प्रकार ठाऊकच नव्हता, पण दंडाला कापूस दाबून तो उठला तो उजळलेल्या चेहऱ्यानंच. “झकास वाटतं यार, सुई कळलीच नाय!” पुढे तो डोकं दुखत नसतानाही बाकावर येऊन बसायचा, केवळ ओरडायला मिळावं म्हणून. हळूहळू तो बाक गजबजला. मुलं डबे घेऊन तिथं यायला लागली. मी एकटी तेवढी बुजरी, नुसते ओठ हलवायची.

एकदा अकाउंटन्सीचे सर ब्लडप्रेशर मोजायला आले. हिला काय, सर असोत नाहीतर शिपाई, गाऱ्हाण्यापुढे सगळे सारखे. “सरांचो पारो खाली हाड रे म्हाराजा!” असं तिनं म्हटल्यावर बाकावरच्या त्यांच्याच विद्यार्थ्यांनी इतक्या कळवळून “व्हय म्हाराजा!” केलं की सरांचं प्रेशर होतं त्याहून वर गेलं. मॅडम पडदा सारून बाहेर आल्या. “देवाला काय सांगायचं ते सांग बाई, पण माझ्या कानात स्टेथोस्कोप असताना नको. आणि हळू! दवाखाना आहे हा, जिमखाना नाही!” हे वाक्य पुढे आम्ही सगळ्यांनीच उचललं. दिवसातून एकदा तरी कुणीतरी तिला ते ऐकवायचंच.

शेवटच्या वर्षी एका सकाळी ती वर्गात नाचतच आली. तिच्या वडिलांनी सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की औंदाचं गाऱ्हाणं माझा चेडू घालतला, म्हणजे यंदा माझी मुलगी घालणार. एका काकांनी लगेच नाक मुरडलं होतं, “बायलमाणसान गाऱ्हाणा कधी घातल्यान हा?” त्यावर वडील शांतपणे म्हणाले, “औंदा घालतला.” झालं! ती गच्चीवर सराव करायला लागली, जिमखान्यात करायला लागली, कँटीनमध्ये चहा येईपर्यंत करायला लागली. कॉलेजातल्या कावळ्यांनासुद्धा ते गाऱ्हाणं पाठ झालं असेल. आणि गणपतीला अजून दोन महिने होते तोच तिचा आवाज बसला.

आधी आइस्क्रीमवर ढकललं, मग हवेवर. आठवडे गेले तरी आवाज मोकळा होईना. मी म्हटलं, दवाखान्यात चल, तर आम्हाला सगळ्यांना ओढत नेणारी ही बया चक्क बाकाखालच्या कडीला धरून बसली. “मला काय झालंय? घसा तर बसलाय नुसता.” शेवटी मी एका हाताला आणि तो गुजराती मुलगा दुसऱ्या हाताला, असं तिला नेलं. तो वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होता, “हिचा घसा बसलाय!” आम्हाला भयंकर गंमत वाटत होती. मॅडमनी टॉर्च लावून घसा पाहिला आणि त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी तिला त्याच दिवशी घशाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि तोवर एक शब्दही बोलायचा नव्हता. तिनं हात जोडून, सोंडेची खूण करून विचारलं, गणपतीचं काय? मॅडम म्हणाल्या, “आवाज राहायला हवा असेल तर आत्ता गप्प राहा. गणपतीपर्यंत काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही.”

ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी रक्त आमच्या दवाखान्यातच घेणार होते. तेव्हा आम्हाला शोध लागला की ही बाई सुईला आमच्यापेक्षा जास्त घाबरते. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि माझं मनगट असं आवळलं की माझी बांगडी पिचली. बाक भरलेला होता. तिनं आजवर ओढून आणलेली सगळी माणसं आली होती, अकाउंटन्सीचे सरसुद्धा. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिच्या सर्वांत जवळ मी होते. मी डोळे मिटून सुरुवात केली, “हे देवा महाराजा, कृपया इकडे लक्ष द्यावे…”

फलाटावरच्या घोषणेसारखं! तिनं माझं मनगट सोडून कपाळ बडवून घेतलं. मग त्या गुजराती मुलानं छाती भरून आरोळी ठोकली, “व्हय म्हाराजा!” आणि मला धीर आला.

“हिनं आम्हाला सगळ्यांना इथं ओढत आणलं…”

“व्हय म्हाराजा!”

“काही जणांना तर काही झालेलंही नव्हतं…”

“व्हय म्हाराजा!” यात सरांचा आवाज जरा जास्तच वर लागला.

“आता हिचा आवाज हिला परत दे. तोच दे, वर्गाबाहेर ऐकू जाणारा. आम्हाला दुसरा नको.”

या वेळी पडद्यामागून मॅडमही म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!” सिस्टर म्हणाल्या, “झालं, काढली सुई.” तिला कळलंच नव्हतं. ती हसत होती आणि रडतही होती, दोन्ही बिनआवाजाचं. ते बघणं मला फार जड गेलं.

देवानं आमचं अर्धंच ऐकलं. गाठ साधी निघाली, गेली. आवाज परत आला, पण निम्मा. आणि पुन्हा कधी ओरडायचं नाही अशी ताकीद मिळाली. तरी गणपतीच्या दिवशी ती वडिलांशेजारी उभी राहिलीच. आवाज पहिल्या रांगेपुढे जाईना. कुणीतरी माइक आणायला धावलं, वडिलांनी त्याला हातानं थांबवलं. मग एरवी आरतीतही गप्पा मारणारी ती सगळी सोसायटी गप्प झाली आणि पुढे पुढे सरकत तिच्याभोवती दाटीवाटीनं उभी राहिली. नाक मुरडणारे काका तर कानामागे हात धरून अगदी तिच्या पायाशी बसले होते. पहिलं “व्हय म्हाराजा!” त्यांचंच आलं.

आता ती रत्नागिरीला एका हॉस्पिटलात नोकरी करते. दुसरीकडे कुठे करणार होती? मी इथंच आहे. मागच्या महिन्यात घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेले होते. शेजारी कुणी नव्हतं. सुई दिसली तशी मी तिला फोन लावला आणि म्हटलं, “सुई!” तिनं काही विचारलं नाही, लगेच सुरू केलं. तो मऊ, जरासा घोगरा आवाज ऐकू यावा म्हणून मला फोन कानाशी घट्ट दाबावा लागला. “बा देवा म्हाराजा…” इतकं म्हणून ती थांबली, साथीची वाट बघत. आणि जन्मभर नुसते ओठ हलवणारी मी अशी काही ओरडले, “व्हय म्हाराजा!” की रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

फोनमधून तिचं हसणं आलं. “गो, हळू! दवाखानो आसा तो, जिमखानो न्हय.”

एके काळी हे आम्ही तिला सांगायचो.