धूळ बाहेर, काकूही बाहेर

उमाकाकूची आणि माझी शेवटची भेट इस्पितळात झाली. खोली छान होती, गारवा सोडणारं यंत्र होतं, खिडकी ॲल्युमिनियमची आणि घट्ट लावलेली. मी कॉटजवळ बसून विचारलं, "काकू, बरं वाटतंय का?" तिचं लक्ष खिडकीकडे. "कोपरा बघ," ती म्हणाली. मी उठून बघितलं. काचेभोवतीची काळी रबरी पट्टी कोपऱ्यात कापून नुसती टेकवली होती आणि नेमकी तिथे चिमूटभर पिवळी धूळ साचली होती. "कापतात कशाला मेले? पट्टी कोपऱ्यात वळवायची असते." तेवढ्यात नर्स आली, तर तिलाही तेच हिंदीत ऐकवून झालं, "बेटी, इसको कोने में काटते नहीं हैं, मोड़ते हैं।" नर्सला वाटलं, म्हातारी भ्रमात आहे. मी म्हटलं, "भ्रम नाही हो, धंदा आहे तिचा." काकू हसली. त्याच आठवड्यात एका सकाळी फोन आला... फाल्गुन संपत आला होता, धुळीच्या आंध्या अजून सुरू व्हायच्या होत्या.

काकूचा धंदा काय, असं कोणी विचारलं की आमच्या घरात पंचाईत व्हायची. ती दारं, खिडक्या, संदुकांची झाकणं, कपाटं असं सगळं धुळीपासून बंद करून द्यायची. लोकर दाबून केलेला नमदा, ताडपत्री, सायकलची जुनी ट्यूब आणि दाभण एवढं तिचं भांडवल. ज्यांनी ग्वाल्हेरचा उन्हाळा काढलेला नाही, त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. होळीनंतर आमच्याकडे भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुरू होते आणि वैशाखात आंधी. भरदुपारी आभाळ पिवळं पडतं, किल्ला दिसेनासा होतो आणि अर्ध्या तासात ताटातल्या वरणापासून देवाच्या डोळ्यांपर्यंत सगळीकडे रेती. लोक दारं लावतात आणि नंतर घर झाडतात. काकूला हे पटायचं नाही. दार लावलं तर लागलं पाहिजे, असं तिचं साधं म्हणणं होतं.

सुरुवात झाली ती काकांच्या संदुकांपासून. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन इकडे आले, पण काकांच्या हातात आली शाईची दौत. ते दरबारच्या कचेरीत नकाशे काढायचे. संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य उभं राहिलं आणि त्याच्या राजधान्या ठरल्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे वर्षातून दोनदा सगळी कचेरी संदुकांत भरून रेल्वेत चढायची, आणि उघडावं तर नकाशांवर नद्यांपेक्षा धूळ जास्त. साहेब काकांवर करवादायचे आणि काका घरी येऊन काकूवर. काकू एकदा ऐकून घेणारी, दुसऱ्यांदा कामाला लागणारी. तिने झाकणाच्या कडेला नमद्याची पट्टी चिकटवली. ती पहिल्याच पावसात भिजून चेपली, ती चेपलीच. मग पडाव भागात मोटारी दुरुस्त करणाऱ्या रशीद उस्तादांकडून फाटक्या ट्यूबा आणल्या. "अंगठ्याने दाबायचं आणि थांबायचं," ती सांगायची. "परत वर आलं तर कामाचं. दबून बसलं की फेकून दे." झाकणाचा कोपरा मात्र तिला छळत राहिला. दोन पट्ट्या जिथे भेटतात, तिथून धूळ हटकून आत यायची. शेवटी तिने दुलईला गोट लावताना करतात तसं केलं, पट्टी न कापता कोपऱ्यात चूण घालून वळवली. त्या खेपेला इंदूरला संदूक उघडली तेव्हा नकाशे स्वच्छ करकरीत निघाले. काकांनी पत्रात बायकोचं कौतुक केलं नाही, तसा रिवाज नव्हता, पण येताना माहेश्वरी लुगडं आणलं.

आता माझं सांगते, कारण पुढची सगळी खटपट माझ्यासाठी झाली. मला लहानपणी दमा होता. किलागेटला वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड, आई-बाबा, काका-काकू आणि मी. काकांच्या थोरल्या भावाची मी एकुलती एक मुलगी, आणि काकूला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मी अर्धी तिचीच होते. आंधी आली की माझी छाती वाजायला लागायची. आई मला मांडीवर उभी धरून बसायची आणि तिचा चेहरा बघूनच मी जास्त घाबरायचे. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, मुलीला इथून हलवा. इंदूरला बाबांची बहीण होती, ती ठेवून घ्यायला तयार होती. आई स्वयंपाकघरात तोंड लपवून रडली. काकूने मात्र तोंड उघडलं, "भावजी, शकू कुठे जात नाही. धूळ जाईल."

तिने मधली खोली धरली. दाराच्या चौकटीला ट्यूब, खिडक्यांना ताडपत्रीचे दुहेरी गोट, उंबऱ्यावर रेती भरलेली कापडी गुंडाळी. मग उदबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेने फिरवायची. जिथे धूर वाकला तिथे वारा शिरतोय, तिथे परत दाभण. देवाची उदबत्ती नंतर, आधी दाराची. आई पुटपुटायची, पण तिलाही धूर सरळ वर जाताना बघायची चटक लागली होती. दिवाळीपर्यंत ती खोली अशी बंद झाली, की आत बसलं तर किलागेटचे टांगेसुद्धा ऐकू येईनात. काकू सगळ्या आळीला बोलावून खोली दाखवायची.

आणि इथेच ती चुकली. संक्रांत जवळ आली. आमच्याकडे काटेरी हलवा घरीच व्हायचा. सिगडीवर मंद निखारे, वर परात, तिळांवर थेंब थेंब पाक आणि बोटांनी तासन् तास हलकं हलवत राहायचं. ग्वाल्हेरच्या हलव्याला एकच शाप, काटा येतो पण मळकट येतो, धुळीमुळे. काकूच्या मनात आलं, आपल्याकडे बिनधुळीची, बिनवाऱ्याची खोली असताना हलवा अंगणात का करायचा? दुपारी तिने सिगडी आत नेली, मला शेजारी बसवलं आणि दार ओढून घेतलं. काय हलवा झाला होता! पांढराशुभ्र, एकेक काटा मोजून घ्यावा असा. मला आठवतं ते एवढंच, की काकू म्हणाली, "बघ शकू, चांदणं आहे चांदणं," आणि मग माझं डोकं जड झालं आणि मला तिच्या मांडीवर झोप आली... आईने चहाला हाका मारल्या. ओ येईना, म्हणून तिने दार ढकललं. आम्ही दोघीही आडव्या होतो आणि परातीवर काकूचा हात तसाच. आईने मला ओढत गच्चीवर नेलं, शेजारच्यांनी काकूला. थंड वाऱ्यात आम्ही शुद्धीवर आलो. धूळ अडवता अडवता तिने हवाही अडवली होती आणि कोळशाने उरलेली खाल्ली होती.

बाबा शांत माणूस. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "उमाबाई, पुरे झालं. शकू होळीनंतर इंदूरला जाईल." आईनेही या वेळी मान डोलावली. काकूने हलव्याची परात उचलली आणि मोरीत ओतली. मला तो हलवा हवा होता. मी रडले, आणि तीही रडली. काकूला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. काकूने एका दुपारी काकांच्या पेटीचा भाता उघडला. काका बरी पेटी वाजवायचे. भात्याच्या आत कातड्याची झडप असते, हवा आत घेते पण परत जाऊ देत नाही. काकू ती बोटाने उघडझाप करत बसली. काका ओरडले, "अगं, काय करून राहिली आहेस? सूर जाईल ना!" "तुमचा सूर राहू द्या, पोरीचा श्वास बघून राहिले आहे मी," ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या हाताने बंद केलेल्या खोलीला दोन भोकं पाडली. खाली गॅलरीकडच्या झरोक्यात वाळ्याने ठासून भरलेली चौकट; वाळा ओला ठेवला की हवा आत येते, धूळ चिखल होऊन बाहेर राहते. आणि समोरच्या भिंतीत छताजवळ रबराची झडप, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी. ती बाबांसमोर उभी राहिली. "भावजी, एक आंधी बघा. शकूची छाती वाजली तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला इंदूरला पोचवते आणि या घरात परत ट्यूब आणत नाही." बाबा म्हणाले, "मी आत बसेन. दाराजवळ." इंदूरला जाणं पुढे ढकललं गेलं.

ती आंधी वैशाखात आली. आई, बाबा आणि मी आत. बाबांचा हात कडीवर. बाहेर पत्रे वाजत होते, पण खोलीत ओल्या वाळ्याचा वास आणि छताजवळ झडपेची बारीक फडफड. मी छाती वाजायची वाट बघत होते. आईही माझ्या छातीकडेच बघत होती. काही वाजलं नाही... वारा पडला तसं बाबांनी दार उघडलं. गॅलरीत लाकडी स्टुलावर काकू बसली होती, शेजारी बादली, हातात लोटा. वाळा ओला ठेवायला कोणीतरी बाहेर बसायला हवं होतं, हे तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, पापण्यांवरसुद्धा रेती, हळद लावलेली नवरीच. मी खो खो हसत सुटले. हसत राहिले आणि खोकला आलाच नाही. काकू उठली. सगळं स्टूल धुळीने माखलेलं, फक्त ती बसली होती तिथे गोल स्वच्छ जागा. बाबा त्या स्टुलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इंदूरला कळवतो. शकू येत नाही म्हणून."

त्याच वर्षी मध्य भारतही गेला. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला, आणि काकांच्या कचेरीच्या संदुका कायमच्या रवाना झाल्या, काकूच्याच गोटांसकट. लष्कर भागातले अर्धे नोकरदार, काकासुद्धा, भोपाळला निघाले. काकूने निराळाच तोडगा काढला. थंडीत ती काकांकडे भोपाळला राहायची आणि होळी झाली की ग्वाल्हेरला हजर. कोणी टोमणा मारला तर म्हणायची, "सरकार वर्षातून दोनदा हलत होतं तेव्हा नाही कोणी हसलं! माझी उन्हाळी राजधानी किलागेटला आहे." काका निवृत्त होऊन परत येईपर्यंत तिने हे चालवलं. मधल्या वर्षांत तिचा लौकिक झाला. फोटोवाल्याची काळोखी खोली, दवाखान्यातली औषधांची कपाटं, बिर्लानगरच्या कोणा इंजिनिअरच्या घरची दारं, सगळीकडे तिने दाभण चालवलं. पुढे बाजारात तयार रबरी पट्ट्या आल्या, चिकट पाठीच्या, पोकळ, स्पंजच्या. तिला त्यांचा राग नव्हता, उलट हौस होती. दुकानात उभी राहून अंगठ्याने दाबायची, थांबायची, परत वर आलं की पिशवीत. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारायची, "हवा कुठून येणार, ते सांगा. मग मी धूळ बंद करते."

मी दम्यातून बाहेर आले आणि जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं, म्हणजे खडूची धूळ खाल्ली. काकू म्हणायची, एवढी मेहनत केली ती या कामासाठी होय! घर आता माझ्याकडे आहे. मधल्या खोलीत कूलर आला, मग यंत्र आलं, झरोक्यातला वाळा मात्र दर वर्षी बदलला. गरज नव्हती तरी आंधी आली की काकू लोटा घेऊन गॅलरीत जायचीच. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. "तू आत बस," एवढंच.

यंदा होळीनंतर उदबत्ती मी फिरवली. सगळ्या कडांना धूर सरळ वर गेला, झडपेजवळ वाकला आणि बाहेर पडला, जसा पडायला हवा तसा. मग परवा दुपारी आंधी आली. मी आत बसले, तिने सांगितल्यासारखी. वारा पडल्यावर सवयीने दार उघडलं आणि पिवळ्या काकूला हसायची तयारी करून गॅलरीत बघितलं. स्टूल जागेवर होतं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी धूळ बसली होती. गोल जागा नव्हती.

मला रडू आलं, चांगलं भरून आलं. मग मी तशीच त्या धुळीत स्टुलावर बसले आणि लोट्याने वाळ्यावर पाणी घातलं. छाती वाजली नाही. उठून मागे बघितलं तेव्हा स्टुलावर माझ्यापुरती जागा स्वच्छ झाली होती.