लेकीजवळ राहणारी चावी

"मॅडम, कुलूप आहे. चावी इथे नाही," राजेसाहेबांचे वकील म्हणाले, आणि माझं काम देवघराच्या दारात अडलं.

मी यवतमाळला वकिली करते. त्या दिवशी मात्र मी कोणाच्याच बाजूने नव्हते. कोर्ट कमिशनर म्हणून गेले होते, म्हणजे कोर्टाचे डोळे. जागेवर जायचं, दिसेल ते लिहायचं, मत द्यायचं नाही. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे हे काम मला जडच जातं.

पांढरकवड्याच्या पुढे जंगलाच्या कडेला हे जुन्या राजघराण्याचं गाव. राज्य कधीच गेलं, पण गढी ठणठणीत होती. नवा रंग, बैठकीत एसी, दारात मोठी गाडी. राजेसाहेब साठीचे, पांढऱ्या सफारीत. दावा त्यांच्या धाकट्या बहिणीने लावला होता.

ही बहीण म्हणजे सुमनताई, तेव्हा उमरखेडला राहायच्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, भाड्याची खोली. त्यांनी भावाकडे गढीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या मागितल्या होत्या, राहायला. राजेसाहेब नाही म्हणाले. मग ताईंनी वाटणीचाच दावा टाकला.

राजेसाहेबांचं उत्तर असं, की आमच्यात थोरला मुलगा गादीवर बसतो आणि सगळी मिळकत त्याच्याकडे अखंड राहते. कायद्यात याला अविभाज्य मिळकत म्हणतात. साध्या भाषेत, एकाला सगळं आणि बाकीच्यांना मानपान. हिंदू वारसा कायदा आल्यावर अशा रूढीचा जोर जवळजवळ संपला. पण या 'जवळजवळ'वर आमच्या धंद्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. केस वर्षानुवर्षं चालली असती आणि ताई तोवर भाड्याच्या खोलीतच राहिल्या असत्या.

रूढी सांगणाऱ्याला एक गोष्ट दाखवावी लागते. ती जुनी हवी आणि मध्येच मोडलेली नको. म्हणून राजेसाहेबांनी कोर्टात छातीठोक लिहून दिलं होतं, की आमच्या घराची एकही रीत आजवर मोडलेली नाही.

"चावी कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"सुमनजवळ," राजेसाहेब म्हणाले. "आमच्यात देवघराची चावी लग्न झालेल्या लेकीजवळच राह्यते."

"लेकीजवळ? काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निसटलं.

ते खुलले. "आत गादीची तलवार हाय. मागं दोघा भावायत तिच्यावरून खून पडता पडता राह्यला. तवापासून चावी लेकीजवळ. लेक सासरी जाते, तिले काही गादीवर बसाचं नसते. मंग ते कायले कोनाची बाजू घेईन? दसऱ्याले येते, दार उघडते, तलवार थोरल्याच्या हाती देते. तिच्या हातून घेतल्याबिगर कोनी राजा होत नाही."

मला गंमत वाटली. जिला हिस्सा नाही म्हणत होते, तिच्याच हातून हे राजे होत होते!

"केस लागल्यावरही आल्या का त्या?"

"आलती ना. दार उघडलं, तलवार देल्ली. जेवली नाही. तशीच गेली." हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

ताईंच्या वकिलांची दुसरीकडे तारीख होती, म्हणून ताई एकट्याच निघाल्या होत्या. त्यांचा फोन आला. एसटी आर्णीजवळ बंद पडली, दुसरी मिळाली की पोचते म्हणाल्या. आम्ही थांबलो. चहा झाला, परत चहा झाला. गावातली माणसं अंगणात जमली. राजा आपल्याच देवघराबाहेर ताटकळतोय हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते राजेसाहेबांना सहन होईना. त्यांचे वकील तेवढ्यात मोबाइलची रेंज शोधत बुरुजावर चढले.

"मॅडम, तोडतो कुलूप. तुमचा टाइम खराब होऊन राह्यला."

"कुलूप तोडायचा आदेश माझ्याकडे नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबते, मला घाई नाही."

"माह्या घरात मले बहिनीची वाट पाहा लागते काय?"

त्यांनी हातोडा मागवला. 'राजेसाहेब, तुमची सगळी केस याच रिवाजांवर उभी आहे,' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण एका पक्षाला सल्ला देणं कमिशनरला चालत नाही. मी एवढंच म्हणाले, "जे होईल ते मला लिहावं लागेल."

"लिहा ना! राजानं उघडलं म्हनून लिहा."

घाव ऐकून वकील पायऱ्या उतरत धावले. "राजेसाहेब, थांबा!" तोवर कडी लोंबत होती. वकील तिथेच मटकन बसले.

आत देवीचे टाक, समई आणि तलवार. मी लिहिलं, तलवार एक, धार नाही. त्याच्या वर लिहिलं, प्रतिवादीने वादीची वाट न पाहता देवघराचे कुलूप स्वतः तोडले.

ताई दुपारी पोचल्या. दाराकडे पाहतच राहिल्या.

"दादासाहेब, मी येऊनच राह्यली होती ना," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "केस हाय तरी म्या एक दसरा चुकवला काय? तुमाले एक दुपार थांबवलं नाही?"

राजेसाहेबांनी वाकून तुटलेलं कुलूप उचललं. मला त्यांचा राग आला होता, आणि आता कीवही आली.

अहवाल दाखल झाला, आणि घराची रीत राजेसाहेबांनीच मोडल्याचं कोर्टाच्या कागदावर आलं. पुढच्याच तारखेला त्यांच्या वकिलांनी तडजोडीची गोष्ट काढली. ताईंचे वकील अर्ध्या गढीवर अडून बसले होते. ताई म्हणाल्या, "अर्ध्या गढीची झाडपूस कराले कोन येईन? दोन खोल्या द्या, पन माह्या नावानं." तसा हुकूमनामा झाला.

सह्या झाल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात राजेसाहेब चाचरत बहिणीला म्हणाले, "दसऱ्याले येशीन ना?"

"आता कुठून याचं हाय? घरीच असन मी."

तेव्हापासून कोणी पक्षकार रूढी घेऊन आला की मी आधी विचारते, ती तुम्हाला काय काय करायला लावते? बहुतेकांनी फक्त ती दुसऱ्याला काय नाकारते तेवढंच पाठ केलेलं असतं.