अंबाडी आणि आईची मूठ

अमरावतीला कॉलेजात असताना भाजीबाजारात मला एक वयस्क वकील रोज दिसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. काळी टोपी, बगलेत कागद. ते रोज एखादी नवी भाजी उचलत, हुंगत आणि विचारत, "ही कशी करतात?"

एकदा भाजीवाली म्हणाली, "वकीलसायेब, परवाची अंबाडी बाईनं खाल्ली काय?"

"थुंकली. फार आंबट झाली." मग ते माझ्याकडे वळले. "आजारातून उठल्यापासून माझ्या बायकोला अन्नच नको झालंय. तुमच्या घरी अंबाडी कशी करतात?"

मला सांगता येईना. अंबाडी मी लहानपणापासून खाल्ली होती, पण चुलीपाशी कधी लक्ष दिलं नव्हतं. शनिवारी गावी गेल्यावर आईला विचारलं.

"काहून रे, कालेजात सैपाक शिकून राहिला का?" ती हसली. पण हात पुसून बसली आणि सांगू लागली. पाला उकळून आंबट पाणी टाकून द्यायचं, ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचं, वरून लसणाची फोडणी. कॉलेजात गेल्यापासून मी आईला काही विचारलं, ते बहुधा पहिल्यांदाच.

सोमवारी वकिलांनी ते कागदामागे लिहून घेतलं. "कण्या किती?"

"मूठभर. पण आईची मूठ लहान आहे."

बुधवारी त्यांनी दुसऱ्या भाज्यांकडे पाहिलंच नाही. अंबाडीच्या दोन जुड्या घेतल्या आणि मला म्हणाले, "आईला सांगा, मूठ बरोबर निघाली."