पाणडुबीच्या घरट्याखालच्या जळवा

वाटूरहून परतूरकडे आता मोटारीनं जाणार असाल, तर चहा पिऊन निघा. दुसऱ्या चहाला पोचाल. मी गेल्ते ती बैलगाडीतून, निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या सालात, आणि हौसेनं तर बिलकुल न्हाई.

माझी नणंद गोदा. तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा फुगला. असा पाय सडला की कापावा लागतो, न्हाईतर माणूस जातं. हे घरात सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "जळवा लावू, घाण रगत वढून घेतील. पण म्हशीच्या डबक्यातल्या नगं, त्या विषारी. पाणडुबीच्या घरट्याखालच्या आणा."

पाणडुबी म्हणजे पाण्यावर तरंगतं घरटं बांधणारा चिमुकला पक्षी. घरात पोहता येई ते मला एकटीला, माहेर दुधनाकाठचं ना. म्हणून मी, आणि गाडी हाकायला आमचे मालक.

काळ्या मातीचा रस्ता, त्यात पावसाळा, चाकं रुतायची. शिदोरीला भाकरी, लसणाची चटणी, कांदा. खर्च काही न्हाई, भीती फुकट. बाजाराचा दिवस असून वाटेवर माणूस दिसेना. मालकांनी बैलांच्या घुंगरमाळा सोडून पोत्यात घातल्या. मंग तर चाकाची कुरकुर शिवारभर ऐकू जातेय असं वाटायला लागलं.

परतूरच्या अलीकडं तळं, काठाला मावससासूचं घर. ती म्हणाली, "साती आसरा हायेत गं तळ्यात. बाईमाणसाला वढून नेतात."

"नेऊन काय करतील? भाकरीच थापायला लावतील ना!" म्हटलं खरं, पण काष्टा दोनदा आवळून मारला.

लव्हाळ्यात घरटं सापडलं. वरून पाहाल तर कुजक्या शेवाळाचा गोळा; अंडीसुद्धा पाणडुबी झाकून गेल्ती. खाली हात घातला तर सगळं हलतंय. गोगलगायी, पारदर्शक झिंगे, सहा पायांचे काळे किडे बोटांवरून चालून राह्यले. खोलवरचं दिसत काहीच नव्हतं. मंग काहीतरी डसलं. "विंचू!" मी ओरडले. काठावरून मालक म्हणाले, "पाण्यात कुठून आला विंचू?" होता तो पाणविंचूच. तरी जळवा वेचल्या, अंडी तेवढी हलू दिली न्हाईत, आणि सासूबाईंनी बजावलं होतं म्हणून घरट्याच्या बुडाचा मूठभर लगदाही मटक्यात कोंबला. मी सुजलं बोट दाबत बसले. मावससासूनं मटका बांधून हातात दिला.

परतीला वाटूरच्या अलीकडं बंदूकवाल्यांनी गाडी अडवली. एकानं मटका पाहिला. "क्या है? सोना?"

मालकांनी कासरा आवळून धरला. मीच म्हटलं, "जळवा हायेत. नणंदेच्या पायाला."

त्याला खरं वाटेना. फडकं फेडून त्यानं हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं पिवळीधमक, तळव्यावर लोंबती जळू.

"मर गई ये तो!"

मी मटक्यात वाकून पाहिलं. हळद! हळद लागली की जळू मरते. मालक पुटपुटले, "मावशीनं चिमूटभर सोडली. म्हणली, आसरांचं पाणी तसंच न्हेऊ नये." बंदुकीचं भ्याव गेलं, गोदाच्या पायाचं राहिलं.

तो माणूस हात झटकत म्हणाला, "जाव, जल्दी जाव." त्यालाही आमच्यापेक्षा मटक्याचंच भ्याव वाटत होतं.

घरी सासूबाईंनी मटका परातीत उपडा केला. वरच्या सगळ्या मेलेल्या. त्यांनी तो लगदा हातानं फोडला. आत हळद पोचली नव्हती. काळ्या जळवा वळवळत बाहेर आल्या. गोदानं तोंडात पदर कोंबला.

पाय वाचला. थोडी लंगडायची, पण दोन्ही पायांवर.

पुढं दर वर्षी म्हणायची, "वैनी, चल ना तुझं तळं बघू. चालत जाऊ, पाय हायेत की."

मी गेले न्हाई. तळं छान आहे, जरूर जा. वरूनच बघा.