पाचवा ठिपका

हेमांगी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासते. तिच्या गेजला, म्हणजे मापाच्या दांडीला, दोन टोकं. एक भागाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बावीस वर्षं ती फक्त 'पास' आणि 'रिजेक्ट' एवढंच म्हणत आली आहे.

दर शुद्ध नवमीला मात्र ती कामावरून थेट ठाकुर्लीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर जाते आणि दुर्बीण लावते. त्या संध्याकाळी चंद्रावरच्या प्लेटो नावाच्या विवरावर तिरकं ऊन पडलेलं असतं. खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंनी एकदा विचारलं, "नवमीचं कुठलं गं हे व्रत?"

"प्लेटोचं."

"दक्षिणेकडचे का ते?" म्हणत त्यांनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. हेमांगीने ती खाल्ली.

प्लेटोच्या काळ्या तळावर अगदी बारकी विवरं आहेत. तिला त्यातली पाच हवी होती. दीड वर्षात चार मिळाली. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी वाफा सोडतो आणि चंद्र पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा हलतो. म्हणून ती दुर्बिणीतून फोटो नाही, व्हिडिओ घेते. चार हजार चित्रं. त्यातल्या चारशेंत हवा क्षणभर थांबलेली असते. ती चारशे एकावर एक रचायची. सगळ्यांत असेल ते उरतं, हवेने केलेलं पुसलं जातं. मग संगणकावर धार चढवायची. धारेने लपलेलं दिसतं. नसलेलंही दिसतं.

मार्गशीर्षातल्या नवमीला पाचवा ठिपका दिसला. नवरा गुरुदत्तने मजलाभर पेढे वाटले. ठाण्याच्या आकाशप्रेमी मंडळातल्या साकेतने रविवारच्या प्रदर्शनासाठी बॅनर छापला: 'ठाकुर्लीच्या गच्चीवरून प्लेटोची पाच विवरं'.

शुक्रवारी तिला तो ठिपका खटकला. चंद्राच्या कडेजवळचं सगळं चपटं दिसतं, हा मात्र गोल होता. तिने चारशे चित्रांचे दोन ढीग केले, सम आणि विषम. दोन्ही वेगळे रचले, दोघांवर सारखीच धार चढवली. विषममध्ये ठिपका होता. सममध्ये नव्हता. चारही जुनी विवरं दोन्हींत जागच्या जागी होती.

तिने साकेतला फोन लावला.

"काकू, बॅनर आला पण!"

"पाचवं काढ. विषम चित्रांत दिसतं, सममध्ये नाही."

"अहो, पण विवर तिथे आहे ना! मोठ्या दुर्बिणीत दिसतं, नकाशात आहे."

"आहे. मी पाहिलेलं नाही."

"कोणाला कळणारे? सम-विषम कोण बघतं, यार... सॉरी, काकू."

"'पाच'वर कागद चिकटव. 'चार' लिही."

"लोक विचारतील, खाली काय होतं."

"विचारू देत. मी तिथेच उभी राहते."

गुरुदत्त दारातून ऐकत होता. "पेढे परत मागवू का? एक पंचमांश?"

"तू गप रे," ती म्हणाली आणि दोन्ही ढिगांचे फोटो छापायला पाठवले.

रविवारी ते दोन फोटो बॅनरखाली शेजारी शेजारी लावले होते. चिकटवलेला कागद वाकडा होता. पहिल्याच बाईंनी विचारलं, "इथे काय झालं?"

हेमांगीने डाव्या फोटोवर बोट ठेवलं. "हा ठिपका इथे आहे." मग उजव्यावर. "इथे नाही. म्हणून रिजेक्ट."

"मग पाचवं?"

"अजून मिळालेलं नाही."

बाई पुढे गेल्या. मागे रांग होती. तिने पुन्हा डाव्या फोटोवर बोट ठेवलं.