एक तास एकवीस मिनिटं

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत हसायला म्हणून वाचत आले. आमच्याकडे दर चिंचेला एक भूत नेमून दिलेलं आहे, आणि मी लहानपणापासून त्या सगळ्या चिंचा खाल्ल्या आहेत. शिवाय पेशाने सॉफ्टवेअरवाली. काही चुकलं की कुठेतरी कुणीतरी माती खाल्लेली असते, आणि बहुतेक वेळा ती मीच खाल्लेली असते — एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण सहा दिवस झाले, जिवाला चैन नाही.

मी नवेगाव बांधला राहते, घरूनच काम करते. गेल्या वर्षी नौकानयन शिकवणाऱ्या एका क्लाससाठी मी ॲप बनवत होते. सूर्याची उंची मोजायची, ती उंची आणि अचूक वेळ ॲपमध्ये टाकायची, की आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते कळतं. हे काम मिळालं धाकट्या भावामुळे. निखिल मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. उंची मोजायचा त्याचा जुना सेक्स्टंटही त्याने मला देऊन टाकला होता.

मोजायला क्षितिज लागतं. आमच्या तलावापलीकडे डोंगर, जंगल... क्षितिज आणणार कुठून? त्यावर निखिलनेच उपाय सांगितला होता. परातीत ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतायचं आणि त्यात दिसणारा सूर्य धरून मोजायचं. मग काय, जानेवारीत रोज सकाळी नऊला मी काळा चष्मा, परात आणि सेक्स्टंट घेऊन तलावाच्या पाळीवर. आई शेजारणीला सांगायची, "तेलात सूर्य पाहून राहिली, अन् म्हणते ऑफिसचं काम हाय."

पहिल्या दिवशी उत्तर वेळेच्या हिशेबात चौदा मिनिटांनी चुकलं. घड्याळ चुकलं की या गणितात उत्तर-दक्षिण बरोबर येते, जागा फक्त पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकते. नेमकं तसंच झालं होतं, म्हणजे घोळ वेळेचाच. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, त्यातला तो अर्धा तास भल्याभल्यांना नडतो. तो तपासला. ठीक होता. फोनचं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी चाळीस. मग त्रेपन्न, सहासष्ट, एकोणऐंशी.

माझं डोकं फिरायची वेळ आली. चूक असावी, पण तिने एका जागी तरी बसावं ना! मी तेच आकडे क्लासच्या सरांना पाठवले. त्यांच्या फोनवर तेच ॲप, तेच आकडे — आणि उत्तर नवेगाव बांध, अगदी काटेकोर. माझ्या फोनवर टाकले की चूक. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन पार कोरा केला. सातव्या दिवशी एक तास एकवीस मिनिटं. आठव्या दिवशी तेवढीच. नवव्या, दहाव्या दिवशीही तेवढीच. आता चूक वाढायची थांबली होती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. का, ते मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

दहाव्या दिवशी मी पाळीवर बसून वहीत आकडेमोड करत होते. आई डबा घेऊन आली. थोडा वेळ माझी बडबड ऐकली आणि म्हणाली, "ते मिनिटं राहू दे वो. आपण कुठं बसलो हाव असं वाटते तुह्या मशीनले?"

 दहा दिवसांत मी हे बघितलंच नव्हतं. जागा तर मला ठाऊकच होती, म्हणून टेस्टच्या स्क्रीनवर मी फक्त वेळेतला फरक दाखवला होता. पृथ्वीच्या फिरण्यात चार मिनिटं म्हणजे एक अंश, हे खलाशी पाठ म्हणतो. निखिल असता तर पहिल्याच दिवशी मिनिटांचे अंश करून मोकळा झाला असता. मी आपली बग शोधत बसलेले.

नकाशा उघडला आणि रोजच्या आकड्याची एकेक उभी रेघ ओढली. पहिली विशाखापट्टणमच्या जरा पूर्वेला. पुढच्या बंगालच्या उपसागरातून पुढे पुढे. शेवटच्या चार एकावर एक, मलेशियातल्या पेनांगवरून.

निखिलचं जहाज माझ्या पहिल्या टेस्टच्या आदल्या दिवशी विशाखापट्टणमहून निघालं होतं. जाणार होतं चीनला. वाटेत कुठेच थांबणार नव्हतं.

त्याचा मेसेज येऊन आठ दिवस झाले होते. समुद्रात असं होतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मी तिथूनच त्याच्या कंपनीला फोन लावला. माणूस गोड बोलला, "मॅडम, जहाज तो सिंगापूर क्रॉस कर चुका है. सब ठीक है."

"जहाज मत बताओ," मी म्हटलं. "मेरा भाई कहाँ है?"

चाळीस मिनिटांनी उलट फोन आला. अपेंडिक्स फुटलं होतं. निखिलला पेनांगला उतरवून जहाज पुढे गेलं होतं. ऑपरेशन झालं, पण ताप उतरत नव्हता, तो शुद्धीत नव्हता. कंपनी घरी रोज फोन करत होती... बाबांच्या नंबरवर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तो नंबर बंद आहे. निखिलने फॉर्मवर तो बदललाच नव्हता.

दोन दिवसांनी तिथल्या नर्सने त्याच्या कानाशी फोन धरला. आवाज इतका बारीक की मला रडूच फुटलं. "ताई, तुले कोन सांगतलं?" मी म्हटलं, ॲपनं. तो हसायला गेला आणि टाके दुखले म्हणून कळवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरक आला चार सेकंद. तेवढं तर हात हलला तरी येतं. मी एक ओळही बदलली नव्हती. क्लासने ॲप पास केलं, सरांनी शाबासकी दिली. फोन मी एका जाणकार मित्राला उघडून तपासायला दिला, त्याला काही सापडलं नाही. योगायोग म्हणावा तर दहा आकडे एका रांगेत?  कुणाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

दिवाळी आटोपून निखिल पुन्हा जहाजावर गेला. त्याचा शेवटचा मेसेज सहा दिवसांपूर्वीचा. मी रोज नऊला पाळीवर जाते, तोच फोन, तेच जुनं ॲप. उत्तर रोज बरोबर येतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक निघावी, तो कुठे आहे ते तरी कळावं म्हणून हात जोडतेय.

आई दारातच उभी असते. "आज किती?" विचारते. मी काल तिला सांगितलेल्या खोट्या आकड्यात तेरा मिनिटं मिळवून सांगते. "पुढं चालला म्हणजे," असं म्हणून ती समाधानाने आत जाते.